रायफायझन आणि ठेवीदाराचे उत्तरदायित्व

पतपेढीत वा बँकेत पैसे ठेवणारा मनुष्य सामान्यतः दोन प्रश्न विचारतो. व्याज किती मिळेल, हा पहिला. आणि मुद्दल सुरक्षित राहील ना, हा दुसरा. ठेवलेले पैसे पुढे कोणाच्या हाती जातात आणि त्यांतून काय घडते, हा तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारणे हे ठेवीदाराचे काम नव्हे, अशी सर्वांचीच समजूत झालेली आहे. हाच तिसरा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून एकोणिसाव्या शतकात एका जर्मन प्रशासकाने ग्रामीण पतसंस्थेची संपूर्ण घटना रचली. त्यांचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. सहकाराच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव एका परिच्छेदापुरते येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. त्यांच्या आयुष्याचा अर्थ मात्र त्या परिच्छेदात मावणारा नाही.

रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जीग नदीच्या काठावरील हाम या गावी झाला. वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागातील हे गाव त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. जमीन हलकी, शेते तुकड्यातुकड्यांची आणि हवामान कठोर, असा तो प्रदेश. नऊ भावंडांत रायफायझन सातवे. उच्च शिक्षण घेण्याजोगी घरची स्थिती नव्हती; गावच्या धर्मोपदेशकाने जे शिकविले तीच त्यांची शिदोरी. १८३५ साली ते सैन्यात दाखल झाले. तथापि डोळ्यांच्या विकाराने त्यांना गाठले आणि १८४३ मध्ये लष्करी सेवेवर पाणी सोडावे लागले. मग ते मुलकी सेवेत शिरले आणि १८४५ साली वायरबुश व आसपासच्या गावांचे प्रशासकीय प्रमुख झाले. दृष्टी आयुष्यभर मंदावत गेली. परंतु इतरांच्या नजरेतून जे निसटत होते ते याच माणसाला दिसले.

नियुक्तीनंतर दुसऱ्याच वर्षी दुष्काळ आला. बटाट्यावर रोग पडलेला होता, धान्याचे पीकही बुडाले आणि १८४६-४७ चा हिवाळा उपासमारीचा ठरला. सरकारी कोठारातून धान्य आले, पण ते रोख पैसे घेऊनच वाटावे असा दंडक होता. ज्यांच्याजवळ रोख पैसे होते त्यांना मदतीची निकड नव्हती आणि ज्यांना निकड होती त्यांच्याजवळ पैसे नव्हते. रायफायझन यांनी गावातील सुस्थितीतील मंडळींना एकत्र केले, त्यांच्याकडून निधी उभारला आणि धान्य उधारीवर वाटले. पुढे गावात भट्टी उभारून बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने भाकरी देण्यात आली. घेणाऱ्याने आपल्या सवडीने पैसे फेडावे, एवढीच अट होती.

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे दुष्काळ ओसरला होता, पण कर्जाचा पाश होता. गुरांचे व्यापारी शेतकऱ्याला जनावर उधारीवर देत, हप्ता चुकला की ते ओढून नेत आणि तोपर्यंत भरलेले पैसेही बुडत. १८४९ च्या डिसेंबरमध्ये रायफायझन यांनी येथे साहाय्यक मंडळ स्थापन केले. सुमारे साठ सधन नागरिकांनी एकत्रितपणे हमी घेतली, त्या हमीवर कर्ज उभारले गेले आणि शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी गुरे मिळू लागली. १८५२ मध्ये ते नॉयवीडजवळील हेडेसडॉर्फ येथे गेले. तेथे १८५४ साली त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने निराधार मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, ग्रंथालय आणि कर्जवाटप अशी अनेक कामे अंगावर घेतली.

येथेच त्यांच्या विचारांना कलाटणी मिळाली. श्रीमंतांच्या औदार्यावर उभ्या असलेल्या या संस्था काही वर्षांनी कोमेजू लागल्या. दुष्काळाची आठवण पुसट झाली तसा हमीदारांचा उत्साह मावळला. स्वतःला कर्ज नको असताना दुसऱ्याच्या कर्जासाठी घरदार अडकविण्याची तयारी किती दिवस टिकणार? दुसऱ्या बाजूला, कर्ज घेणाऱ्याला संस्था आपली वाटत नव्हती. दानावर अधिष्ठित रचना टिकत नाही, ही गोष्ट रायफायझन यांनी मोठ्या अनिच्छेने मान्य केली. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि शेजारधर्म त्यांना प्राणप्रिय होता. परंतु शेजारधर्माला हिशेबाची व जबाबदारीची जोड हवी, हे अनुभवाने त्यांना शिकविले. १८६४ साली हेडेसडॉर्फच्या संस्थेची पुनर्रचना होऊन ती पतसंस्था बनली. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झाले पाहिजे आणि सभासदाने संस्थेच्या सर्व देण्यांस आपल्या संपूर्ण मालमत्तेनिशी जबाबदार राहिले पाहिजे, असा नियम झाला.

ही अमर्यादित जबाबदारी म्हणजे रायफायझन पद्धतीचा कणा. आज ती अघोरी वाटेल. पण तिच्यामागचा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते किंवा एका धर्मपरिषदेच्या हद्दीपुरते, म्हणजे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखणार. कर्ज केवळ सभासदालाच, केवळ नेमक्या हेतूसाठी, आणि तारणापेक्षा शेजाऱ्यांच्या जामिनावर. घेतलेल्या पैशाचा विनियोग वेगळ्याच कामी झाला तर कर्ज परत मागण्याचा अधिकार संस्थेला होता. गाईसाठी घेतलेल्या पैशांतून गाय आली की नाही, हे गावात कोणापासून लपत नसे. आणि ते पाहणे प्रत्येकाच्या हिताचे होते, कारण शेजाऱ्याची उधळपट्टी उद्या आपल्या शेतावर येणार होती. पदाधिकाऱ्यांना वेतन नव्हते, अपवाद फक्त हिशेबनिसाचा. नफा लाभांश म्हणून वाटावयाचा नाही, तर राखीव निधीत टाकावयाचा आणि तो निधी संस्था विसर्जित झाली तरी सभासदांनी वाटून घ्यावयाचा नाही, असाही दंडक होता. पुढील पिढीने मागील पिढीच्या काटकसरीवर उभे राहावे, हा त्यामागील विचार.

१८६३ साली पत्नीचे निधन झाले. त्याच सुमारास झालेल्या गंभीर दुखण्याने त्यांची प्रकृती कायमची ढासळली आणि १८६५ मध्ये त्यांना अल्प निवृत्तिवेतनावर नोकरी सोडावी लागली. चरितार्थासाठी त्यांनी आधी विड्यांचा लहानसा कारखाना काढला, नंतर मद्याचा व्यापार केला. वाचणे-लिहिणे अशक्यप्राय झाल्यावर त्यांची कन्या अमाली त्यांचे डोळे झाली. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतसंस्थांवरील त्यांच्या पुस्तकाने ही पद्धत सर्वत्र पोहोचविली.

विरोधही कडवा झाला. कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या पतसंस्थांचे जनक हेर्मान शुल्झ-डेलिच हे त्यांचे प्रमुख टीकाकार. अल्प मुदतीच्या ठेवींतून दीर्घ मुदतीची कर्जे देणे धोक्याचे आहे आणि भागभांडवलाविना पतसंस्था म्हणजे पायाविना इमारत होय, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप पोकळ नव्हता. रायफायझन यांचे उत्तर असे की, शेतीचा पैसा तीन महिन्यांत परत येत नाही. कर्जाची मुदत पिकाने ठरवावयाची असते. वाद संसदेपर्यंत गेला. गावोगावच्या संस्थांना जोडण्यासाठी त्यांनी उभारलेल्या मध्यवर्ती बँका कायद्याच्या कसोटीवर टिकल्या नाहीत. तेव्हा १८७६ साली त्यांनी नॉयवीड येथे भागधारक कंपनीच्या स्वरूपात नवी मध्यवर्ती संस्था काढली. ११ मार्च १८८८ रोजी ते निवर्तले, त्या वेळी त्यांच्या संघात ४२३ संस्था होत्या.

या थोर पुरुषाच्या चरित्रात एक डागही आहे आणि तो झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उत्तरायुष्यातील त्यांच्या लेखनात सावकारीचे खापर ज्यू समाजावर फोडणारे उद्गार येतात. कर्जाचा हेतू काटेकोरपणे पारखणाऱ्या या माणसाने दोषारोप करताना तीच काटेकोर दृष्टी वापरली नाही. ओळखीच्या वर्तुळात विश्वास वाढतो. त्याच वर्तुळाबाहेरील माणसाविषयी संशयही वाढू शकतो. लहान समूहावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा इशारा लक्षात ठेवावा.

रायफायझन हयात असतानाच, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाने दख्खनचा कर्जबाजारीपणा सरकारच्या नजरेस आणला. पुढे फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारसाठी तयार केलेल्या, १८९५ पासून प्रसिद्ध झालेल्या अहवालात रायफायझन पद्धतीचा पुरस्कार केला. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांना अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व लागू केले. मात्र जर्मनीत जे गावकऱ्यांच्या गरजेतून उगवले होते ते येथे सरकारी हुकुमाने लावले गेले. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ या वर्षासाठी जो आकडा दिला तो उद्बोधक आहे. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. त्यानंतर मोठ्या क्षेत्राच्या, मर्यादित जबाबदारीच्या आणि सरकारी भागीदारी असलेल्या संस्थांचे धोरण आले. त्या योगे पतपुरवठा वाढला, हे नाकारता येणार नाही. पण ठेवीदार आणि कर्जदार यांच्यातील अंतरही वाढले.

१९६२ पासून भारतात ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. आरंभी ते १,५०० रुपयांपर्यंत होते. २०२० मध्ये ते पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले. हे संरक्षण आवश्यकच आहे. आयुष्यभराची पुंजी गमावलेल्या निवृत्त शिक्षकाला अमर्यादित जबाबदारीचे तत्त्वज्ञान ऐकविणे क्रूरपणाचे होईल. परंतु विमा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, तिसऱ्या प्रश्नाचे देत नाही. मुद्दल सुरक्षित असले म्हणजे त्या मुद्दलातून झालेल्या कर्माशी आपला संबंध तुटला, असे होत नाही. पैसा ठेवीदाराचाच असतो. त्यातून विहीर खणली जाते किंवा एखाद्या संचालकाच्या नातलगाचे बुडीत कर्ज पोसले जाते.

शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाचा दर आणि भेटवस्तू यांवर तावातावाने चर्चा होते. लेखापरीक्षणाचा अहवाल मात्र वाचला असे मानून मंजूर केला जातो. रायफायझन यांच्या गावात असा अहवाल न वाचता मंजूर करणे म्हणजे स्वतःचे शेत न पाहता लिहून देणे ठरले असते. कायद्याने ती धास्ती आता दूर केली आहे. धास्ती गेली म्हणून कर्तव्य गेले काय, याचे उत्तर सभासदाने द्यावयाचे आहे. कर्जे कोणाला दिली, कशासाठी दिली आणि थकबाकी कोणाकडे आहे, हे विचारण्यासाठी सभागृहात एक हात वर झाला, तरी त्या सभेत तिसरा प्रश्न विचारला गेला असे म्हणता येईल.