वीट, चूल आणि लिलियन गिलब्रेथ

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गवंडी. बारावीनंतर त्यांनी मला परवानगी दिली ती एका वर्षाची. पुढचे पुढे पाहू, एवढाच शब्द. ते वर्ष सरले, दुसरेही सरत आले आणि घरात पुन्हा तोच विषय निघू लागला आहे. अशा दिवसांत ग्रंथालयात अर्थशास्त्राच्या कपाटात व्यवस्थापनावरचे एक जुने पुस्तक हाती आले. त्यात लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन बाईंविषयी चारच ओळी होत्या. त्या ओळींनी मला पुढची पुस्तके शोधायला लावली.

लिलियनबाईंचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे, सधन घरात झाला. ज्या मुलींना पोटासाठी नोकरी करावी लागते त्यांनीच महाविद्यालयात जावे, असे वडिलांचे मत. लिलियनने हट्ट धरला, तेव्हा एक वर्ष जाऊन पाहा, पण घरी राहून, अशी सवलत मिळाली. हे वाचले आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ तशीच बसले. त्यांच्या घरी पैसा होता, आमच्या घरी नाही. पण मुदत तीच, एका वर्षाची!

ते वर्ष वाढत गेले. १९०० साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्या पदवीधर झाल्या आणि पदवीदान समारंभात तेथे भाषण करणारी पहिली स्त्री ठरल्या. १९०२ साली त्या एम. ए. झाल्या. दोन्ही पदव्या साहित्याच्या. म्हणजे बाई मूळच्या आपल्याच, कला शाखेच्या!

१९०४ मध्ये बोस्टनचे बांधकाम कंत्राटदार फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फ्रँक महाविद्यालयात गेलेच नव्हते. सतराव्या वर्षी ते गवंड्याच्या हाताखाली उमेदवारीला लागले. एक वीट बसवताना गवंडी १८ हालचाली करतो आणि त्यांतल्या बहुतेक फुकट जातात, हे त्यांनी मोजून पाहिले. विटा कमरेच्या उंचीला येतील अशी वर सरकणारी परांची त्यांनी बनवली. १८ हालचालींच्या जागी चार-पाच पुरू लागल्या.

हे मी वडिलांना सांगितले. ते ऐकत राहिले, मग उठून अंगणात उभे राहिले आणि दिवसभर कसे वाकावे लागते ते त्यांनी मला करून दाखवले. आपल्याला हे केव्हापासून ठाऊक आहे, पण आजवर कोणी विचारले नाही, असे ते म्हणाले.

विचारणे हेच लिलियनबाईंचे काम. १९१२ साली फ्रँकनी बांधकाम सोडले आणि कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला देण्याचा व्यवसाय धरला. फ्रँक कामगाराचे हात पाहत. बाई त्याचे मन पाहत. तो का थकतो, का रागावतो, त्याला बसायला काय हवे? व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक १९१४ मध्ये निघाले, ते केवळ आद्याक्षरांनिशी. लेखिका स्त्री आहे हे कळू नये ही प्रकाशकाची अट. १९१५ मध्ये ब्राऊन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. हे सारे मुलांच्या गलक्यात. त्यांना बारा मुले झाली. त्यांतली एक घटसर्पाने लहानपणीच गेली.

१४ जून १९२४ रोजी फ्रँक हृदयविकाराने अचानक वारले. थोरली ॲन अठरा वर्षांची, धाकटी जेन दोनच वर्षांची. लंडन आणि प्राग येथील परिषदांना फ्रँकनी जायचे ठरले होते. काही दिवसांतच लिलियनबाई त्यांच्या जागी बोटीवर चढल्या आणि प्रागच्या व्यवस्थापन परिषदेत त्यांच्या वतीने बोलल्या. आपल्याकडे नवविधवेने असे केले असते तर लोक काय म्हणाले असते, याची कल्पना कोणालाही करता येईल.

परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. कारखानदारांनी कंत्राटे पुढे चालू ठेवली नाहीत. कारखान्याविषयी बाईचा सल्ला घेणे त्यांना पटेना. तेव्हा बाईंनी घरातच वर्ग काढला आणि कंपन्यांच्या माणसांना हालचालींचा अभ्यास शिकवू लागल्या. मेसीज या मोठ्या दुकानात काम केले. मग लोक ज्याला बायकांचे क्षेत्र म्हणून बाजूला टाकत, त्या स्वयंपाकघराकडेच त्या वळल्या. ओटा, शेगडी, भांडी यांची जागा बदलून एका केकसाठी लागणारी २८१ पावले त्यांनी ४५ वर आणली. गंमत म्हणजे त्या स्वतः स्वयंपाकात यथातथाच होत्या! पुढे कारखान्यांची दारेही उघडली. १९३५ ते १९४८ त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होत्या. देशोदेशी त्यांची व्याख्याने झाली. प्रागपासून सुरू झालेल्या त्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन चळवळीनेच १९५४ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. अकराही मुले महाविद्यालयात शिकली. २ जानेवारी १९७२ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक शंका मात्र मनातून जात नाही. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो? गवंड्याला तीन तास विश्रांती मिळते, की मालक दोन गवंडी कमी करतो? गिलब्रेथ पतिपत्नींनी १९१६ मध्ये थकव्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, म्हणजे हा प्रश्न त्यांना दिसत होता. पण सल्लागार गेल्यावर घड्याळ मालकाच्याच हाती उरते.

मीही उत्साहाच्या भरात आईची पावले मोजली आणि माठ व पिठाचा डबा हलवला. दुसऱ्या दिवशी डबा जुन्या जागी गेला होता. नव्या जागी त्याला ओल लागते, हे मी आईला विचारलेच नव्हते. माठ मात्र नव्या जागीच राहिला. सल्लागाराचा पहिला धडा मला असा घरातच मिळाला.

परीक्षा झाल्यावर वडिलांशी बोलायचे आहे. लिलियनबाईंची गोष्ट त्यांना अर्धीच ठाऊक आहे, परांचीपर्यंतची. उरलेली सांगणार आहे आणि मग आणखी एका वर्षाची मुदत मागणार आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला