मॅट्रिकला तीनदा बसलेला शास्त्रज्ञ

आरोग्य खात्याची माणसे हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव येतात. त्यातली डी.ई.सी. ही गोळी कोणी शोधली, हे मीही कधी विचारले नव्हते. ती १९४७ साली डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालील प्रयोगशाळेत निघाली.

त्यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरमचा. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले, तिसऱ्या खेपेस पास. आमच्याकडे एकदा नापास झालेले पोर विड्या वळायला सुपाशी बसते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी खादीचा झगा घातला. इंग्रज प्राध्यापकाचा रोष झाला आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही कनिष्ठ पदवी पदरी पडली. दोन भाऊ संग्रहणीने दगावले होते. सासऱ्यांच्या मदतीने १९२३ साली ते बोस्टनला पोचले. रात्री इस्पितळात हलकी कामे आणि दिवसा हार्वर्डमध्ये अभ्यास, असे दिवस काढले. रक्तातील फॉस्फरस मोजण्याची त्यांची रीत गाजली, तरी तेथे कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ली कंपनीत गेले. तेथेच १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड तयार झाले, आणि ते संग्रहणीवर गुणकारी ठरले!

पेनिसिलिनला पुष्कळ जंतू दाद देत नव्हते. सुब्बारावांच्या देखरेखीखाली सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर ठिकठिकाणची माती तपासू लागले. मिसूरीतील एका शेताच्या मातीत सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला. त्यापासूनचे ऑरिओमायसिन १९४८ साली जाहीर झाले. टेट्रासायक्लिन कुळातले हे पहिले औषध. जंतूच्या पेशीत प्रथिने जोडणारा रायबोसोम नावाचा जणू कारखानाच असतो. हे औषध त्याच्या दारातच ठाण मांडते, आत अमिनो आम्ल येऊ देत नाही. प्रथिने थांबली की जंतूंची वाढ थांबते. माणसाच्या पेशीतील रायबोसोमची घडण निराळी, त्यामुळे रोगी सहसा सुखरूप राहतो. हे सारे नंतर उलगडले. पुढे जंतू औषध बाहेर फेकायला शिकले, तेव्हा त्याच सांगाड्यात फेरफार करून २००५ साली टायगेसायक्लिन आले.

ऑरिओमायसिनचे यश सुब्बारावांनी जेमतेम पाहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये, ५३ व्या वर्षी, झोपेतच त्यांना मृत्यू आला. मला एक गोष्ट मात्र खटकते. परत येईन म्हणून गेलेले सुब्बाराव पुन्हा मायदेशी आलेच नाहीत. त्यांच्या मागे जन्मलेला मुलगा तान्हेपणीच वारला, त्याचे तोंडही त्यांनी पाहिले नाही. पत्नी शेषगिरी यांनी पंचवीस वर्षे वाट पाहिली.