गव्हाला ओळीत उभा करणारा : जेथ्रो टल

गहू व निदण यांचा दाखला शब्बाथशाळेतील मुलांना ठाऊक असतो. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून धनी चाकरांना कापणीपर्यंत थांबावयास सांगतो. बी हाताने फोकून पेरलेल्या शेतात ही अडचण खरीच असे; कारण उभ्या पिकात अवजार फिरवावयास जागाच राहत नसे. इंग्लंडात या अडचणीशी आयुष्यभर झगडलेल्या जेथ्रो टल यांची ही ओळख.

टल यांचा जन्म इ. स. १६७४ साली बर्कशायर परगण्यातील बेसिल्डन या खेड्यात झाला. ऑक्सफर्ड येथे शिकून १६९९ मध्ये ते बॅरिस्टर झाले. परंतु प्रकृती नाजूक असल्यामुळे वकिली बाजूला ठेवून ते घरच्या शेतीकडे वळले.

त्या काळी तेथे पुष्कळ ठिकाणी एक वर्ष गहू, दुसऱ्या वर्षी जव किंवा कडधान्य आणि तिसऱ्या वर्षी पड, अशी फेरपालट चाले. पड म्हणजे जमिनीला नुसता विसावा नव्हे. त्या वर्षी पुनःपुन्हा नांगरून तण मारावयाचे असे. म्हणजे बऱ्याच अंशी तणापायीच शेताचा तिसरा हिस्सा पिकावाचून राही.

टल यांनी मजुरांना वैरणीचे बी सरीत, विरळ पेरावयास सांगितले. मजुरांनी ते साफ नाकारले. तेव्हा त्यांनी यंत्रच करावयाचे ठरविले. ऑर्गनच्या आतील खाच, जीभ व स्प्रिंग यांची रचना त्यांना माहीत होती. तिच्यावरून बी मोजके सोडण्याची युक्ती त्यांना सुचली. १७०१ च्या सुमारास घोड्याने ओढावयाची, एका वेळी तीन ओळी पेरणारी पाभर तयार झाली.

पुढे प्रकृतीसाठी ते युरोपात फिरले. दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षवेलींच्या ओळींमधील जमीन मशागतीने भुसभुशीत ठेवलेली त्यांनी पाहिली. परत आल्यावर शाल्बोर्नजवळील आपल्या शेतावर त्यांनी गव्हाच्या ओळींत रुंद पट्टे सोडले व त्यांतून घोड्याचे कोळपे चालविले. तण गेले, बियाणे कमी लागले, आणि एकाच शेतात खतावाचून तेरा वर्षे गहू पिकला. १७३३ मध्ये त्यांनी हे सर्व ग्रंथरूपाने मांडले. त्यावर कडाडून टीका झाली; कल्पना चोरल्याचा आरोपही आला. १७४१ मध्ये ते वारले. बेसिल्डन येथे त्यांचे दफन झाले.

त्यांची कृती उपयुक्त होती, पण तिचे कारण त्यांनी चुकीचे दिले. मुळे मातीचे बारीक कणच खातात, म्हणून जमीन पुरेशी बारीक केली की खत नको, असे ते मानीत. शेणखतातून तणाचे बी शेतात येते हे त्यांचे निरीक्षण मात्र खरे होते. आज आपण जाणतो की कोळपणीने तण मरते व जमिनीतील सेंद्रिय अंश लवकर कुजून पिकास अन्न मिळते. पण खत न घालता असेच चालविल्यास जमिनीची पुंजी आटते.

आपल्याकडील शेतकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तिफण, पाभर आणि कोळपे ही आपली जुनीच अवजारे. ओळीतील पेरणी हा युरोपचाच शोध असे समजणाऱ्या हॅलकॉट नावाच्या इंग्रज कप्तानाला दक्षिण हिंदुस्थानात ती रूढ असलेली दिसली, आणि १७९० नंतरच्या दशकात त्याने तसे विलायतेस कळविले.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून तणनाशके आली, आणि त्यांना दाद न देणारी तणेही पुढे निपजली. अति नांगरटीने माती वाहून जाते हेही दिसून आले. म्हणून पिकांची फेरपालट, बेताची मशागत व ओळींतील कोळपणी यांचा मेळ घालण्याकडे आज पुन्हा लक्ष वळले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, निदणाचा दाखला शिकविताना फोकून पेरलेले शेत व ओळीतले शेत फळ्यावर काढून दाखवा. धन्याने चाकरांना का थांबविले, हे मुलांच्या चटकन ध्यानी येईल.