डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांच्या मातृत्वापासून प्रसूतिशास्त्रापर्यंत

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

बाळाची चाहूल लागण्याआधीच आईच्या शरीराची तयारी व्हावी, हा विचार शहरी मध्यमवर्गात आता चांगलाच रुजला आहे. योगासने, निसर्गोपचार, गर्भसंस्काराचे वर्ग, आयुर्वेदिक काढे यांची चर्चा घरोघरी होते. या साऱ्याचे मूळ आपल्या प्राचीन ग्रंथांत आहे, असेही अभिमानाने सांगितले जाते. पण त्या ग्रंथांतील प्रसूतिविचार आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थिनीच्या नजरेने अभ्यासून त्यावर १८८६ मध्ये थेट अमेरिकेत प्रबंध सादर करणारी एक मराठी स्त्री होती, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही. ती स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, ही त्यांची ओळख सर्वांना आहे. त्यांनी प्रबंधासाठी हाच विषय घेतला, त्याला त्यांच्या आयुष्यातील एका दुःखाची पार्श्वभूमी होती.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट होता. तो हट्ट प्रसंगी जाचाचे रूप घेई आणि मारहाणीपर्यंतही जाई. यमुनेची आनंदी झाली ती सासरी.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. मुलगा झाला, परंतु तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. त्या काळी घरंदाज स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर जवळपास नव्हत्याच. बाळंतिणीचे सारे सुईणीच्या हाती आणि देवाच्या भरवशावर चाले. या अनुभवातूनच डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा प्रवास घडत गेला. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तेथील नियतकालिकात छापून आले आणि ते न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आले. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला आणि पुढे मावशी-भाचीचे नाते जुळले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी परदेशी जाण्याची कारणे जाहीरपणे मांडली. हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्या भाषणाचा आशय होता. त्याच वर्षी त्या पतीविना बोटीने अमेरिकेला रवाना झाल्या. तेव्हा त्यांचे वय होते अठरा.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. तेथील कडाक्याची थंडी, शाकाहाराचे व्रत आणि आधीच नाजूक असलेली प्रकृती यांचा मेळ बसेना. अशक्तपणा वाढत गेला, अभ्यास मात्र थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी प्रदान झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

पदवीसाठीच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यासाठी त्यांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांचा आणि अमेरिकी पाठ्यपुस्तकांचा, दोन्हींचा आधार घेतला. परदेशी शिकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीने आपल्या परंपरेची लाज बाळगली नाही. तिला अभ्यासाचा विषय केले, ही गोष्ट आजही मोलाची वाटते.

या परंपरेत गर्भधारणेचा विचार किती बारकाईने केला आहे, हे पाहण्यासारखे आहे. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेला शेतीची उपमा दिली आहे. ऋतू, क्षेत्र, पाणी आणि बीज ही चारही जुळून आली तर जसे रोप उगवते, तसाच योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषक रस आणि सकस बीज यांच्या मेळातून गर्भ राहतो, असे हा ग्रंथ मानतो. चरकसंहितेत गर्भिणीची महिन्यागणिक परिचर्या सांगितली आहे. पहिल्या महिन्यात साधे दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप असा तो क्रम आहे. आपल्या रोजच्या बोलण्यातील डोहाळे हा शब्दही याच परंपरेतला. गर्भिणीच्या ठायी स्वतःचे आणि गर्भाचे अशी दोन हृदये असतात, या कल्पनेतून आलेल्या दौहृद या शब्दाशी त्याचे नाते आहे.

याच सुश्रुतसंहितेत आणखी एक इशारा आहे. सोळा वर्षांखालील मुलीला पंचविशीच्या आतील पुरुषापासून गर्भ राहिला, तर तो उदरातच दगावतो. जन्मला तरी फार काळ जगत नाही आणि जगला तरी दुर्बळ राहतो, असे तो ग्रंथ बजावतो. बाराव्या वर्षीचा विवाह मान्य करणाऱ्या काळातही गर्भधारणेसाठी वेगळी आणि अधिक वयाची अट घालावी, असे त्या शास्त्रकारांना वाटले, हे विशेष. समाजाने त्यातील दूध-तूप उचलले, डोहाळजेवण उचलले, वयाची अट मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवली. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आणि दहाव्या दिवशी बाळ गमावलेल्या आनंदीबाईंचे आयुष्य हाच त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणावा लागेल.

कायद्याची वाटचालही संथच राहिली. संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ मध्ये झाला आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढे रणकंदन माजले, हे सर्वश्रुत आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा केले. ते अठरा व्हायला १९७८ साल उजाडावे लागले.

हे बदल पाहण्यास आनंदीबाई उरल्या नाहीत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच. पुण्यात देशी वैद्यांचे उपचार झाले. त्यांचा उपयोग झाला नाही. क्षयावर गुणकारी औषध त्या काळी जगात कोणत्याच वैद्यकाकडे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या बाळंतिणींसाठी त्या शिकल्या, त्यांच्यापैकी एकीवरही कोल्हापुरात उपचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेत पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांचे स्मारक उभे राहिले.

मराठवाड्यात ही कहाणी केवळ इतिहास म्हणून वाचून चालणार नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, राज्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधीच झाल्याचे आढळले. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. शहरात गर्भधारणेआधी कोणता काढा घ्यावा याची चर्चा होत असताना काही तासांच्या अंतरावरील गावांत कोवळ्या मुलींच्या ओट्या भरल्या जात आहेत.

आजचे वैद्यकशास्त्र गर्भधारणेची तयारी नाकारत नाही. उलट तिचा आग्रह धरते. दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात दोषांचा धोका कमी होतो. रक्तक्षय, मधुमेह आणि थायरॉइडची तपासणी, तंबाखू-मद्याचा त्याग, समतोल आहार, नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप ही तयारी पती-पत्नी दोघांनीही करायची असते. शिसे, पारा यांसारखे धातू असलेली औषधे मात्र गर्भाला घातक ठरू शकतात, त्यामुळे केवळ प्राचीन म्हणून काहीही पोटात घेणे धोक्याचे. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील आणि पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच, दोघांनी तज्ज्ञांकडे जावे, असा सल्ला दिला जातो.

परंपरेला डोळे झाकून न स्वीकारता किंवा न झिडकारता ती नव्या ज्ञानाशेजारी ठेवून तपासणे, हे आनंदीबाईंनी वयाच्या एकविसाव्या वर्षी करून दाखविले. त्यांचे स्मरण करायचे तर ओटी भरण्याआधी त्या मुलीचे वय आणि तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन विचारण्याची सवय घराघरांत लागायला हवी.