क्षमा आणि जाब

मंदिरात तरुणांना श्रीफळ देऊन गौरवावयाचे म्हटले की, ज्याचे पाऊल एकदा घसरले त्याचे काय, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर आम्ही छत्रपती संभाजी महाराजांच्या चरित्रात शोधले.

पुरंदरावर १६५७ साली त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे असतानाच मातोश्री सईबाई निवर्तल्या. आजी जिजाबाईंनी त्यांस वाढविले. नवव्या वर्षी ते वडिलांसमवेत आग्र्यास गेले. १६७४ च्या राज्याभिषेकात ते युवराज झाले. संस्कृताचा व्यासंग एवढा की, बुधभूषण हा ग्रंथ त्यांनी रचला. परंतु घरात वारसाचा तंटा आणि दरबारात प्रधानांशी बेबनाव. अखेर डिसेंबर १६७८ मध्ये, एकवीस वर्षांचे असताना, ते सज्जनगडाकडून निघून मोगल सरदार दिलेरखानास मिळाले.

पुढील वर्षी खानाने स्वराज्याचा भूपाळगड घेतला. युवराज त्याच फौजेत होते. गडावरील सुमारे ७०० लोकांचा एकेक हात खानाने तोडविला. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. ज्यांचे हात गेले, तीही कोणाची मुलेच होती. खानाचे अत्याचार पाहून युवराजांचे मन विटले व १६७९ च्या अखेरीस ते विजापूरमार्गे पन्हाळ्यास परतले.

शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यास जाऊन पुत्रास भेटले व त्यांस समजाविले. देहदंड दिला नाही, टाकूनही दिले नाही. मात्र रायगडास न नेता पन्हाळ्यावरच ठेवले. राज्याचा कारभार लगेच हाती दिला नाही. आमच्या मते पित्याने स्वतःच्या वाट्याची क्षमा केली. भूपाळगडच्या लोकांच्या वाट्याची क्षमा परस्पर देऊन टाकली नाही. एप्रिल १६८० मध्ये महाराज निवर्तले.

संभाजी महाराजांनी पुढे सुमारे नऊ वर्षे मोगल, सिद्दी व पोर्तुगीज यांच्याशी झुंज दिली. १६८९ मध्ये संगमेश्वरास पकडले गेल्यावर अनन्वित हाल सोसले, पण शरण गेले नाहीत. ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला.

त्यांचे शौर्य भूपाळगड पुसत नाही आणि भूपाळगड त्यांचे शौर्य पुसत नाही. म्हणून आम्हांस वाटते, चुकलेल्या तरुणास देवळाचे दार सदैव उघडे असावे. परंतु गौरवाच्या पाटावर बसण्यापूर्वी, ज्याचे त्याने नुकसान केले त्याच्या उंबऱ्याशी त्याने एकदा जाऊन यावे.