खर्ज सांभाळणारा माणूस

तुळशीचे लग्न लागले की आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात लग्नसराई सुरू होते. घोडेगाव असो, मंचर असो की नारायणगाव, रात्री कुठल्या ना कुठल्या वरातीचा बँड कानावर येतोच. आता डीजेच्या भिंतींनी त्याची जागा बरीच बळकावली, तरी बँड अजून पुरता संपलेला नाही. लांबून ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. ट्रंपेटवरचे गाणे वाऱ्यावर विरून जाते. पण त्याच्या खालचा खर्ज, थोरल्या पितळी वाद्याचा तो घुमारा, डोंगराला धरून राहतो. तो वाजवणारा मात्र कधी कुणाला दिसत नाही. तो मागच्या रांगेत असतो.

आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. नववीत एक मुलगा होता. वडिलांचा बँड होता, आणि त्यात हा बेस वाजवायचा. रात्री वरात वाजवून सकाळी पहिल्याच तासाला तो शब्दरूपे म्हणता म्हणता पेंगायचा. एके दिवशी मी भर वर्गात त्याला सुनावले, की भोंगा फुंकून कुणाचे भले झालेले नाही आणि बँड व संस्कृत एका अंगावर नांदत नाहीत. पोर खाली मान घालून उभे राहिले. पुढल्या वर्षी दिवाळीनंतर ते शाळेत आलेच नाही. माझ्या बोलण्यामुळेच असे मी म्हणत नाही. घरची ओढाताणही होती. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी, ऋग्वेदाचे परदेशात कुणी कुणी काय केले हे वाचत असताना, मला गुस्टाव होल्स्ट भेटला. माझे ते वाक्य त्याने मुळापासून खोटे ठरवले. म्हणून आज त्याची गोष्ट.

होल्स्टचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावचा. वडील पियानो वाजवीत आणि शिकवीत. आई तो सात वर्षांचा असतानाच गेली. पोर अशक्त, नजर अधू, त्यात दम्याचा विकार. पियानोवादक व्हावे ही वडिलांची इच्छा. पण उजव्या हाताच्या नसांचे दुखणे जडले आणि ती वाट बंद होत गेली. दम्याला उतार पडेल या आशेने, बारा वर्षांचा असताना, त्याच्या हाती ट्रॉम्बोन देण्यात आला. औषध म्हणून आलेले हे वाद्य पुढे पोटापाण्याचे साधन झाले.

ट्रॉम्बोन ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सुमारे नऊ फूट लांबीची पितळी नळी दुमडून हे वाद्य होते. बहुतेक पितळी वाद्यांना असतात तशा कळा त्याला नसतात. एक सरकती नळी पुढे-मागे करून सात जागांवर सूर शोधायचा असतो. जागेवर खूण कुठलीच नाही. कान आणि हात यांचाच भरवसा. खालचे सूर तर ओठ सैल ठेवून पोटातल्या श्वासाने भरावे लागतात. ही विद्या पुस्तकातून येत नाही. शिक्षकाने समोर बसवून, श्वास कुठे तुटतो, ओठ कुठे आवळतात, हे एकेका विद्यार्थ्याला दाखवावे लागते. म्हणून पाश्चात्त्य संगीत विद्यालयांतही वाद्याचा पाठ हा एका गुरूचा एका शिष्याला असतो. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने गुरुकुल हा शब्द धरला, त्यामागेही हाच विचार आहे.

१८९३ साली होल्स्ट लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. रचनेचे धडे चार्ल्स स्टॅनफर्ड या नामांकित गुरूकडे. पियानो सुटल्यावर जोडीला ट्रॉम्बोन. १८९५ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली, पण तिच्यात भागेना. मग उन्हाळ्याच्या सुटीत तो समुद्रकाठच्या गावांतून व्हाइट व्हिएनीज बँड नावाच्या ताफ्यात ट्रॉम्बोन फुंकी. नाव व्हिएन्नाचे, वादक मात्र इंग्लंडातले. हलकीफुलकी गाणी वाजवून सहलीला आलेल्यांना रिझवायचे, एवढेच काम. आपला वेळ वाया चालला आहे असे त्याला मनातून वाटे. आमच्या बँडवाल्यांची सुपारी आणि याची सुपारी, यात मला तरी फार अंतर दिसत नाही.

१८९८ साली कॉलेज सोडून त्याने कार्ल रोझा ऑपेरा कंपनीत ट्रॉम्बोनवादकाची नोकरी धरली आणि नंतर स्कॉटिश ऑर्केस्ट्रात तो गेला. १९०३ पर्यंत ही भ्रमंती चालली. ट्रॉम्बोनवाल्याचे काम विलक्षण असते. पानेच्या पाने त्याला वाजवायचे नसते, नुसते मोजत बसायचे असते. त्या वेळात व्हायोलिने काय करतात, बासऱ्या कुठे शिरतात, हे तो ऐकत राहतो. होल्स्टची खरी शाळा हीच झाली. सगळा वाद्यवृंद त्याला आतून, मागच्या रांगेतून कळला.

आणि याच सुमारास त्याला वेड लागले ते आपल्या वेदांचे. हिंदू साहित्याची इंग्रजी पुस्तके त्याच्या हाती आली. सूक्तांना चाली लावाव्यात असे वाटू लागले, पण उपलब्ध भाषांतरे त्याला रुचेनात. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. याने लंडनमध्ये संस्कृतचे पाठ घेतले, युनिव्हर्सिटी कॉलेजातही त्यासाठी नाव घातले. तो पंडित झाला नाही. कोश आणि भाषांतरे शेजारी ठेवून, एकेक शब्द सोडवीत त्याने स्वतःची इंग्रजी संहिता तयार केली. माझ्या वर्गातली पेंगणारी पोरेही असेच एकेक रूप सोडवीत असत.

त्यातून १९०७-०८ मध्ये नऊ वैदिक गीते झाली. त्यांत उषा आहे, वरुण आहे, मरुत आणि इंद्र आहेत, वाक् आणि श्रद्धा आहेत, सृष्टीच्या उत्पत्तीचे सूक्त आहे आणि चक्क बेडकांचे मंडूकसूक्तही आहे. भीमाशंकरच्या पावसात ज्याने रात्रभर बेडूक ऐकले आहेत त्याला या निवडीचे मोल सांगायला नको. १९०८ ते १९१२ या काळात ऋग्वेदातल्या सूक्तांची चार समूहगीत-मालिका झाल्या. त्यांत प्रवाशांचे एक स्तोत्र आहे. ते आठवले की मला आमचा नाणेघाट दिसतो. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला येणाऱ्या व्यापाऱ्यांची ती वाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यात इंद्र, यम, वरुण यांना वंदन आहे आणि यज्ञांच्या दक्षिणांची यादी आहे. होल्स्ट हिंदुस्थानात कधी आला नाही. पण नाणेघाटातल्या खडकावरची ही दैवते त्याच्या ओळखीची होती.

कालिदासाच्या मेघदूतावरही त्याने मोठी रचना केली. १९१३ साली ती सादर झाली आणि पडली. त्याआधी रामायणावरचा 'सीता' हा ऑपेरा स्पर्धेत मागे राहिला होता. पण महाभारतातल्या सावित्रीच्या आख्यानावरचा त्याचा छोटा ऑपेरा टिकला. अर्ध्या तासाचा खेळ, गाणारी पात्रे तीन, वाद्ये अवघी बारा. त्यात ट्रॉम्बोन नाही! सुरुवातीला पडद्याआडून मृत्यू गातो, वाद्याच्या साथीशिवाय, पुरुषी खर्जात. खर्जाचे बळ ज्याने अनुभवले होते त्यालाच हे सुचावे. १९१६ च्या ५ डिसेंबरला त्याचा पहिला प्रयोग झाला. ज्या कथेसाठी आमच्या बायका ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळतात, ती कथा लंडनमध्ये एका ट्रॉम्बोनवाल्याने गाती केली.

जगाला होल्स्ट ठाऊक आहे तो 'द प्लॅनेट्स' या रचनेमुळे. १९१८ च्या २९ सप्टेंबरला ती प्रथम वाजली. मंगळात पाच मात्रांची फरफट आणि पितळी वाद्यांचा गदारोळ. शनीत वार्धक्याची संथ पावले, आणि तिथे ट्रॉम्बोनांना मानाची जागा. एवढी कीर्ती मिळाली तरी त्याने शिकवणे सोडले नाही. लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत तो १९०५ पासून मरेपर्यंत शिक्षक होता. कामकरी लोकांसाठी असलेल्या मॉर्ले कॉलेजात त्याने संध्याकाळचे वर्ग घेतले. १९२८ मध्ये इंग्लंडातल्या ब्रास बँडांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी 'मूरसाइड सूट' लिहून दिला. १९३२ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्याला शिकवायला बोलावले. तिथेच प्रकृती ढासळली. २५ मे १९३४ रोजी, साठी पुरी होण्याआधीच, तो गेला.

बँड आणि संस्कृत एका अंगावर नांदत नाहीत, असे मी म्हणालो होतो. एका दमेकऱ्याच्या अंगावर ती दोन्ही सुखाने नांदली.

गेल्या माघात तो माझा जुना विद्यार्थी घरी आला. केस पिकलेले, बँड अजून चालवतो. भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. मी त्याला बसवून होल्स्टची सगळी गोष्ट सांगितली आणि वर्गातल्या त्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्याने ती हसून उडवली. दमा असताना या माणसाने एवढा दम आणला कुठून, एवढेच त्याने विचारले. मग जाता जाता म्हणाला, की धाकटी मुलगी पुण्यात एका शिक्षकाकडे रविवारी ट्रॉम्बोन शिकते, आता नववीत आहे, संस्कृतात मागे पडते. सरांना जमेल का?

तिला शनिवारी पाठवायला सांगितले आहे. ती एकटीच येते. वाद्यही बरोबर आणते.