जनाबाईची तिथी

आषाढी झाली, पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला, पालख्या परतीच्या वाटेला लागल्या, की पंढरीची गर्दी ओसरते. वाळवंट मोकळे होते. मग वद्य त्रयोदशीस महाद्वारात नामदेवरायांच्या समाधीचा सोहळा होतो. ही तिथी नामदेवरायांची म्हणून माळकरी मंडळींना तोंडपाठ आहे. तीच तिथी गंगाखेडच्या जनाबाईचीही आहे, हे मात्र मुद्दाम सांगावे लागते. म्हणून त्या तिथीच्या निमित्ताने जनीचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीकाठचे गाव. गोदेला आपल्याकडे गंगाच म्हणतात. शेगावची पालखी परभणीहून परळीकडे जाते ती याच गावावरून. तेव्हा वारकऱ्यांना हे गाव नवे नाही. येथे दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी जनी जन्मली. कूळ शूद्र म्हणून गणलेले, घरी दारिद्र्य. मुलगी झाली त्या दिवशी तिथी कोणती, नक्षत्र कोणते, हे कोणी लिहून ठेवले नाही. नामदेवरायांचे तसे नाही. शके ११९२, म्हणजे इ. स. १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी हा त्यांचा जन्मदिवस संप्रदायात सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या घराण्याचे गाव नरसी बामणी. तेही १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला. म्हणजे धनी आणि दासी दोघेही एकाच मुलखातले. एकाची जन्मतिथी राहिली, दुसरीची राहिली नाही. गरिबाघरच्या लेकीची जन्मतिथी कोण पाहतो!

जनी पंढरीस कशी आली, याच्या दोन हकिगती आहेत. एक अशी, की आई वारल्यावर बापाने पोरीला पंढरीस आणले आणि दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवले. दुसरी अशी, की आईबापांबरोबर ती यात्रेस आली, महाद्वारात उभी राहिली आणि परत जाण्यास काही केल्या तयार होईना. तेव्हा गोणाईने तिला पदराखाली घेतले. दुसरी गोष्ट आपल्या कीर्तनकारांना अधिक आवडते, ते साहजिक आहे. परंतु पहिलीतले दुःख लहान नाही. आई गेलेले लेकरू परक्या घरी कामाला ठेवून बाप गेला. त्या लेकराने विठोबालाच आई म्हटले, तर त्यात नवल ते काय? नामदेव तेव्हा लहान. त्यांना कडेवर खेळविले जनीनेच, असे परंपरा सांगते. पुढे तोच बाळ तिचा गुरू झाला.

दामाशेटींचे घर वारकऱ्याचे. आता वारकऱ्याच्या घरी तिथी कशी पाळतात ते आपण जाणतोच. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी भरते; चंद्राची चाल कमीजास्त असल्यामुळे तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. म्हणून एकादशीच्या पहाटे अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयापूर्वी चार घटका, दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी विद्ध समजतात आणि आपण दुसरे दिवशी उपवास करतो. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा येतात त्या यामुळे. आपली भागवत. अशा चोवीस एकादशा वर्षाला, अधिक मास आला तर सव्वीस. दशमीला एकभुक्त, एकादशीला निराहार किंवा फराळ आणि रात्री जागर, मग द्वादशीला बारस सोडायची.

पण बारस सोडायची म्हणजे चुलीवर काही शिजले पाहिजे, आणि शिजायचे तर आधी दळण झाले पाहिजे. आपल्या आयाबायांनी हे केलेले आहे. इतर मंडळी रात्रभर टाळ वाजवून पहाटे जरा पाठ टेकतात. जात्यावर बसणारीला तेवढीही सोय नाही. एकादशी स्मार्त की भागवत यावर ओसरीवर वाद चालावा आणि आत जाते फिरत राहावे, हे चित्र काही निराळ्या काळचे नाही. जनीचा जन्म या दळणात गेला. दळण, कांडण, शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, पाणी भरणे, अंगण झाडणे. जागराला सर्वांबरोबर बसायला तिला किती सापडले असेल, ते विठोबाच जाणे. पण जात्याच्या खुंट्याला हात लागला की तिचा जागर सुरू होई. दुसऱ्यांची तिथी पंधरा दिवसांनी येई. तिची रोज पहाटे.

म्हणूनच लोकांनी म्हटले, की देव राउळातून उठून तिच्या जात्याला हात लावायला येतो. एकदा तो येऊन गेला आणि गळ्यातले पदक तिच्या खोपटात राहिले, जाताना तिची वाकळ तेवढी पांघरून गेला, अशी कथा आहे. सकाळी पुजाऱ्यांनी पदक शोधले. चोरीचा आळ कोणावर यायचा? दासीवर. जनीला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळापाशी नेले आणि सुळाचे पाणी झाले. चमत्कार बाजूस ठेवला तरी कथेतले एक खरेच आहे: देवाच्या घरी काही हरवले की गरिबाकडे बोट जाते. गोवऱ्यांची कथाही अशीच. दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडण लागले, तेव्हा ज्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती जनीची, असा निवाडा झाला आणि तो कबीरांनी पाहिला, असे सांगतात.

जनीच्या नावावरचे अभंग साडेतीनशेच्या आसपास आहेत. ते नामदेवरायांच्या गाथेत आले, त्यामुळे टिकले. शिवाय थाळीपाक, हरिश्चंद्राख्यान, कृष्णजन्म ही तिची आख्याने. ज्ञानदेवादी भावंडांना तिने पाहिले, त्यांच्याविषयी लिहिले. स्वतःला ती दासी म्हणवीत राहिली, पण देवाशी बोलताना जीभ चावीत नाही. प्रसंगी भांडते, शिव्याही देते. भिडस्त माणसाने तिचे अभंग जरा जपूनच वाचावेत.

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५०, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवरायांनी महाद्वारी देह ठेवला. घरची मंडळीही त्यांच्यासवे गेली आणि त्यांत जनी होती, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तिथे जी पायरी आहे तिला आपण नामदेवाची पायरी म्हणतो. वद्य त्रयोदशी ही तिथी संतांची जणू ठरलेलीच: ज्ञानोबारायांची कार्तिकातली, सोपानदेवांची मार्गशीर्षातली, गोरोबाकाकांची चैत्रातली. आषाढातली नामदेवरायांची आणि जनीची. लगेच दुसरे दिवशी चतुर्दशीस अरणला सावतोबांची.

ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, जसा २०१५ साली आला होता, त्या वर्षी वारी निज आषाढात भरते, आणि ही त्रयोदशीही निज आषाढातलीच धरावी. उत्तरेकडची पंचांगे महिना पौर्णिमेला संपवितात, त्यामुळे तिकडे हाच दिवस श्रावणातला दिसतो. त्याने गोंधळू नये. त्या दिवशी पंढरीत असाल तर पायरीचे दर्शन झाल्यावर गोपाळपुरास जावे. तेथे जनीचे जाते दाखवितात.